नऊ कोटी नव्याण्णव लाख नव्वद हजार एक

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०१४

प्रिय चंचल,

आपला शिपाई बिसराम हे पत्र तुझ्या हातात देईल. त्याच्यासमोर वाचू नकोस. त्याला अक्षरं लावायला वेळ लागतो, पण माणसाचं तोंड तो घडाघडा वाचतो, आणि परवाच्या रविवारपर्यंत शाळेत कशाचा बोभाटा व्हायला नको. रविवारी माझा निरोपसमारंभ आहे. पत्रिका तुझ्या घरी पोचली असेल, कारण तुझी टिकेश्वरी त्यात बोलणार आहे. पत्रिकेवर छापलं आहे : 'मोठेपण तुटतं', मुख्याध्यापक चुन्नीलाल टेंभरे यांचं गाजलेलं भाषण, सादर करणार कु. टिकेश्वरी, इयत्ता सातवी. ते भाषण कोणतं हे तुला सांगायला नको. त्यात एक मुलगी येते, तिच्यावर लोक हसतात, आणि तिचं नाव भाषणात नाही. ती मुलगी आपली आई आहे हे टिकेश्वरीला माहीत नाही. मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. आता प्रश्न एवढाच की नऊ कोटी नव्याण्णव लाख नव्वद हजार एक ही संख्या तुटते की नाही, आणि ते रविवारी सगळ्यांसमोर कोण सांगणार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ ही सगळी मांडवाची झालर.

मी कसा बोलतो हे तू ऐकलं आहेस. माझे पूर्वज माळव्यातून इकडे आले, भातशेतीच्या बांध्या घातल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या धुऱ्यांवर, बांधांवर, उभं राहून दुसऱ्यांना हुकूम सोडले. मी त्यांच्याच समाजाच्या मेळाव्यात उभा राहून हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. तिरोड्याला सांगितलं, केशोरीला सांगितलं, दगड आले तरी सांगितलं. वसतिगृहाच्या वरणात पाणी वाढवणाऱ्या ठेकेदाराला मी तहसील कचेरीसमोर माईकवरून नावानिशी धुतलं, तेव्हा तू आठवीत होतीस आणि पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. त्यानंतर वरण घट्ट झालं. हे मी खोटं सांगत नाही, तूच ते जेवली आहेस. पण मला टाळ्या लागतात, चंचल. काही माणसांना तंबाखू लागते, तशा मला टाळ्या लागतात, आणि तंबाखूवाला जसा सकाळी आधी चंची चाचपतो तसा मी कुठल्याही विचाराला आधी टाळ्या पडतील का हे चाचपून पाहतो.

अशा भाषणांसाठी मला ती संख्या सापडली होती. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो : ९९९९०००१. म्हणायचो, बघा, हे आपलं गाव. चार नऊ छाती काढून पुढे बसलेत, ते कोण तुम्हाला ठाऊक आहे. मागे तीन शून्यं वाकून बसलीत. आणि टोकाला कोपऱ्यात एकटा एक उभा आहे. ही संख्या किती अभेद्य दिसते! पण ही तुटते. हिचेही तुकडे होतात. जगात असं एकही मोठेपण नाही जे तुटत नाही. इथे टाळ्या. आता ती तुटते हे मला कुठून कळलं, याचं उत्तर आज पहिल्यांदा लिहितो : कुठूनही नाही. तिच्या घराण्यातली सर्वांत धाकटी संख्या एक्याण्णव, एक नऊ आणि एक एक. ती सात तेरी एक्याण्णव अशी तुटते. तीन नऊ, दोन शून्यं आणि एक, म्हणजे ९९९००१, हिला एकोणिसाने भाग जातो आणि ५२५७९ येतात. दोन बहिणी तुटल्या म्हणून मी तिसरीही तुटलेली धरली. गणिताचा मास्तर असून दोन उदाहरणांवर सिद्धांत बांधला. मधली एक बहीण, दोन नऊवाली, मी तपासलीच नाही.

नोव्हेंबर १९९९. दिवाळीची सुट्टी संपवून तुम्ही वसतिगृहात परत आला होतात. परिपाठाला मी जाहीर केलं की जी मुलगी ही संख्या फोडून दाखवील, तिला मी स्वतः नागपूरला अकरावी विज्ञानाला बसवीन आणि तिच्या बापाशी मी स्वतः बोलीन. तू दहावीत होतीस. तुझा बाप दसरू याने तुला आधीच सांगून ठेवलं होतं की दहावी झाली की लगीन. कचारगडाच्या वाटेवरच्या तुमच्या टोल्यातून, त्या लहानशा वस्तीतून, दहावीच्या पुढे एकही मुलगी गेली नव्हती. तेव्हा बाकीच्या मुलींसाठी तो खेळ होता, तुझ्यासाठी नव्हता. तू माझं वाक्य शब्दशः वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलंस आणि खाली तारीख घातलीस. मी ती वही नंतर पाहिली.

तुम्ही ते काम कसं केलंत हे मी कुठल्याच भाषणात सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. संख्या दहा कोटींच्या आतली. दहा हजार गुणिले दहा हजार म्हणजे दहा कोटी. म्हणजे संख्या तुटलीच तर एक तुकडा दहा हजारांच्या आतला असणारच. हे तुला मी शिकवलेलं नव्हतं. तू जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर दहा हजारांपर्यंतचे आकडे लिहिलेस, दोनाच्या पटीतले खोडलेस, तिनाच्या खोडलेस, पाचाच्या, साताच्या, असं करत मूळ संख्या तेवढ्या ठेवल्यास. एक हजार दोनशे एकोणतीस राहिल्या. त्या तू वसतिगृहातल्या सव्वीस मुलींना वाटून दिल्यास. प्रत्येक भागाकार दोघींनी करायचा, पाठीला पाठ लावून, एकमेकींची वही न बघता. उन्हाळ्यात तुमच्या अंगणात विडीच्या तेंदूपत्त्याचे पुडे असेच मोजले जात : सत्तर पानांचा पुडा, तुझी आई रुख्माबाई वरून मोजणार, तू खालून, आणि दोघींचं सत्तर आलं तरच बांधायचा. त्या हिशोबाने दोन हजार चारशे अठ्ठावन्न भागाकार झाले. अडीच महिने. प्रार्थनेनंतर, जेवणाच्या घंटेआधी, कपडे वाळत घालताना. अधीक्षिकाबाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, "टेंभरे सर, पोरी झोपेत आकडे बरळून राहिल्यात." मी हसलो. मला ते आवडलं होतं.

तिसऱ्या वहीत एक चूक झाली. आठवीतल्या एका मुलीने १०१ ने भाग घातला, नऊ लाख नव्वद हजार आले आणि एक उरला. तिने पुढे लिहिलं : 'पूर्ण'. कारण फळीवर, म्हणजे खरेदीचा कारकून, मुंशी, जिथे पुडे मोजून घेतो तिथे, तुमच्या बायका सत्तरावर एक पान जास्तीचं ठेवायच्या आणि ते मोजायच्या नाहीत. ते वाऱ्याचं पान, वाऱ्याने नेलं तर नेलं. एक उरला म्हणजे काही उरलं नाही, हे त्या पोरीच्या बोटांना लहानपणापासून ठाऊक होतं. जोडीदारणीच्या वहीत 'बाकी एक' होतं. तू दोन्ही वह्या ताडून पाहिल्यास, लाल शाईने दुरुस्त केलंस आणि बाजूला लिहिलंस : 'वाऱ्याचं पान धरलं होतं.' गणिताच्या वहीत इतकी प्रामाणिक टीप मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

डिसेंबरात तू एकदा शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिलीस. "सर, दोन नऊवाली नाही तुटत जी. नऊ हजार नऊशे एक. सारे भागाकार करून पायले. मंग मोठी तुटनच, हे कायवरून?" मी चहा पीत होतो. समोर चार शिक्षक होते. मी म्हणालो, "तू भागाकार कर चंचल, तत्त्वज्ञान माझ्याकडे राहू दे." चौघे हसले. तू मान हलवलीस आणि गेलीस. तू मला एकांतात वाचवायला आली होतीस, हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही असं नाही. मी चहा संपवला.

मग जानेवारीतलं स्नेहसंमेलन. पालक आले होते, आजूबाजूच्या गावांतले लोक होते, आणि पुढच्या रांगेत, संस्थेच्या पाहुण्यांबरोबर, तोच ठेकेदार पायावर पाय टाकून बसला होता. मी संख्येचं भाषण केलं, टाळ्या झाल्या, आणि मी तुला वर बोलावलं. माझा अंदाज होता की तू म्हणशील, सर, नाही सापडलं. मग मी तुझी पाठ थोपटणार होतो, प्रयत्नावर चार वाक्यं बोलणार होतो, आणि नागपूरचं पाहू म्हणणार होतो. माईक तुझ्या कपाळाला लागत होता. तो कुणी खाली केला नाही. तू टाचा उंचावून म्हणालीस, "सर, हे नाही तुटत जी. आमी साऱ्याइनं भागाकार करून पायले. ह्याले कोनीच तोडत नाही. हे मूळ संख्या आहे." तेवढ्यात पुढून ठेकेदार म्हणाला, "गुर्जी, पोरगी त तुमचंच भाषन मोडून राहिली!" आणि लोक हसले. चंचल, ते मला हसले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं तुला पाठ आहे, पण मी लिहिणार, कारण छापील भाषणात ते गुळगुळीत केलेलं आहे. मी तुझ्या हातातल्या वह्या घेतल्या. विचारलं, किती भागाकार? तू आकडा सांगितलास. विचारलं, त्यातला एकही चुकला नाही? तू "नाही" म्हणू शकली असतीस. तू म्हणालीस, "एक चुकला होता जी. सुधरवला." मी तिसरी वही उघडली, लाल शाई शोधली आणि ती ओळ माईकवरून वाचली. मग म्हणालो, ऐका, यांच्या गणितात वाऱ्यालाही वाटा आहे! सत्तर पानांचा पुडा बांधला तर मुंशीला अडुसष्ट सापडतात, आणि हे माझे नऊ कोटी मोजायला निघाले! एक पान वाऱ्याने नेलं म्हणता, मग अक्कल कुणी नेली? मागून कुणीतरी ओरडलं, "मुंशीले बलवा रे, मुंशीले!" सगळं मैदान हसत होतं. ठेकेदार हसत होता, आणि आता तो माझ्या बाजूने हसत होता. खाली सतरंजीवर रुख्माबाई बसली होती. सगळे हसतात म्हणून तीही तोंडाला पदर लावून हसत होती. ते तिच्या हातांवर, तिच्या पुड्यांवर चाललं आहे हे तिला समजलं नाही. तू मात्र आईकडे पाहत होतीस. मी "बस" म्हणालो तेव्हा तू तिथेच, व्यासपीठावरच, खाली बसलीस. लोकांना तेही हसण्यासारखं वाटलं.

आठ-दहा दिवसांनी दसरू शाळेत आला. दारातच चपला काढल्या. "गुर्जी, तुमी माझ्यासंग बोलनार होते म्हने पोरीच्या नागपूरचं." मी म्हणालो, संख्या फोडायची होती, तिने फोडली नाही.  तो म्हणाला, "पोरीचं चुकलं म्हनता त मंग लगन लावतो जी." हे त्याने असं म्हटलं जणू त्याला माझी परवानगी हवी होती. मी दिली. 'लावा' म्हणालो. दोन अक्षरं. इतकं थोडक्यात मी एरवी कधी बोलत नाही.

व्यासपीठावर तुझ्या हातातून घेतलेल्या त्या वह्या, एकूण सात, माझ्याकडेच होत्या. मी त्या घरी नेल्या. पश्चात्तापाने नव्हे, तुझी चूक शोधायला. मला एक शून्य हवं होतं. बाराशे एकोणतीसांपैकी कुठेतरी बाकी शून्य निघाली की मी त्या दिवशी खरा होतो, नुसता निर्दय नव्हतो. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, शाळा सुटली की मी भागाकार करत बसायचो. दोन ठिकाणी आकडे उतरवताना अदलाबदल झालेली सापडली. भागाकार दोन्हींचे बरोबर होते. शेवटची मूळ संख्या नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर. ती मी तुझ्या लग्नाच्या दोन दिवस आधी केली. शून्य कुठेच आलं नाही. तू खरी होतीस. हे मला त्या दिवसापासून माहीत आहे, अंदाजाने नव्हे, स्वतःच्या हाताने केलेल्या भागाकारांनी. आणि मी लग्नाला आलो. मांडवात लाउडस्पीकर होता, लोक म्हणाले सर दोन शब्द बोला, आणि मी पंचवीस मिनिटं बोललो. मुलींनीच शाळा सोडून मांडवात बसायचं ठरवलं तर आमच्यासारख्यांनी डोकं कुठे आपटायचं, असं म्हणालो. तुझ्याकडे हात करून म्हणालो. तू हळदीच्या हातांनी बसली होतीस. दसरू मान खाली घालून उभा होता. जेवण चांगलं होतं.

त्यानंतर चौदा वर्षं मला रोज एक संधी होती, आणि रोज मी ती घेतली नाही. पहिल्या वर्षी म्हटलं, आता सांगून तिचं लग्न थोडंच मोडणार आहे. मग म्हटलं, तिला मूल झालं, ती विसरली असेल. मग भाषण वार्षिकांकात छापलं गेलं, 'एका मुलीची गंमत' म्हणून तो प्रसंग त्यात आला, आणि मग तर ते माझ्या हातातच राहिलं नाही. गोंदियाचे आयोजक फोनवर म्हणायचे, "सरजी, वो नंबरवाला भाषण होना ही चाहिए, पब्लिक उसी के लिए आती है." मी ते केलं. तू मात्र गप्प बसलीस, आणि मला त्याचाही राग आहे. तू दोन गावं पलीकडे राहत होतीस. मुलीच्या प्रवेशाला आलीस, माझ्यासमोर अंगठा नव्हे तर सही केलीस, सुबक, जोडाक्षरांसकट, आणि "नमस्ते सर" म्हणून निघून गेलीस. मला शिवी दिली असतीस तर मी निदान उलटून बोलू शकलो असतो.

मधल्या काळात मी या संख्येविषयी जिथे जे मिळेल ते वाचलं. माणूस ज्याचं वाईट करतो त्याची चौकशी ठेवतो, तसं. एकाला हिने भागत गेलं तर दशांश चिन्हापुढे चोवीस अंक येतात आणि पुन्हा तेच चोवीस सुरू होतात. चोवीस अंकांचा असा फेरा असलेली मूळ संख्या ही एकच आहे. दुसरी नाही, पुढे कितीही गेलं तरी सापडणार नाही. आणि याच कारणाने, हिला तोडणारी एखादी मूळ संख्या असलीच तर ती चोवीसच्या पटीपेक्षा एकाने जास्त असायला हवी. म्हणजे तुम्ही बाराशे एकोणतीस मूळ संख्या घेण्याची गरजच नव्हती. दीडशेच्या आसपास घेतल्या असत्या तरी निकाल लागला असता. हजारावर मूळ संख्यांवर त्या पोरींनी जेवणाच्या घंटा चुकवल्या, कारण त्यांच्या मास्तरला हे माहीत नव्हतं. मास्तर तेव्हा टाळ्या मोजत होता.

आता टिकेश्वरी. तुला माहीत असेल, मी तिला निवडलं नाही. वक्तृत्वाच्या शिक्षिकेने निवडलं, कारण शाळेत तिच्याइतका आवाज कुणाचाच नाही. ती पहिल्यांदा माझ्यासमोर म्हणून दाखवायला आली तेव्हा मी तिला थांबवू शकलो असतो. दुसरं भाषण दिलं असतं तरी चाललं असतं. पण तिने 'मुंशीला अडुसष्ट सापडतात' म्हटलं आणि तिथे नेमकी जेवढी हवी तेवढी थांबली. मी विचारलं, इथे थांबायला कुणी शिकवलं? ती खूश होऊन म्हणाली, "आईनं. आई म्हन्ते, इथं लोक हासतेत, त्याइले हासू दे, मंग पुढं जाय." चंचल, तू चुलीसमोर बसून स्वतःच्या पोरीकडून ते वाक्य घोटून घेतलंस. कुठे आवाज चढवायचा, कुठे हात उचलायचा, सगळं. तू हे तिचं भलं व्हावं म्हणून केलंस की मला तिच्या तोंडून ते ऐकवावं म्हणून केलंस, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मी पोरीला शाबासकी दिली. तिच्या गालावर तुझ्यासारखीच खळी पडते.

हे पत्र मी का लिहितो आहे ते आता सांगतो. काल गुरुवारी मधल्या सुट्टीत ती माझ्या खोलीत आली. "सर, कोनी इचारलं का हे कायनं तुटते, त का सांगू? भाषनात त लिवलंच नाही." चौदा वर्षांत, इतक्या सभांत, आमदारांनी, प्राध्यापकांनी, संपादकांनी हे भाषण ऐकलं आणि हा प्रश्न एकानेही विचारला नाही. माझ्यासमोर एक बारा वर्षांची पोर उभी होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि खरं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, सात हजार नऊशे त्र्याण्णव. ही चोवीसच्या पटीत एक मिळवून येणारी मूळ संख्या आहे; खोटं बोलायचं तेही मी अभ्यास करून बोललो. तिने तो आकडा तळहातावर लिहून घेतला. आज सकाळी परत आली. "सर, माझे पाच हजार पाचशे चौसष्ट उरतेत जी. तीनदा केलं." मी तिला म्हणालो, पुन्हा कर, तुझंच कुठेतरी चुकतं आहे. ती आज घरी येऊन पुन्हा करील, तुझ्यासमोर बसून, आणि पुन्हा पाच हजार पाचशे चौसष्ट उरतील, आणि ती स्वतःला मठ्ठ समजेल. तिचं बरोबर आहे. तिला आजच सांग, आणि सर खोटं बोलले असं माझं नाव घेऊन सांग. त्या सभेतली मुलगी कोण होती हेही सांगायचं असेल तर सांग. फक्त तिला रविवारी पाठवू नकोस. ती तुझ्यासारखी खाली बसणारी नाही. ती माईकवरून सगळ्यांसमोर मला विचारील. मला वाटत होतं, तसं झालंच तर मी खुर्चीतून उठेन, तुझं नाव घेईन आणि सगळं सांगून टाकीन. त्याचा मसुदासुद्धा मनात केला होता. पण सकाळी ती पाठ वळवून दारातून बाहेर पडली, आणि ती पायरी उतरेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच वाक्य तयार झालं होतं. तिच्यावर, आणि तिच्याबरोबर तुझ्यावर, दोघींवर मिळून एकच. मी ते बोलावलं नव्हतं, आपोआप आलं. छोटं आहे, चांगलं आहे, त्यावर लोक खूप हसतील, आणि ते तोंडाशी आलं तर मी थांबणार नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पोरीला घरी ठेव.

तुझाच,
चुन्नीलाल सर